चौथा चहा

भाऊसिंगजी रोडवर आमच्या फर्मचा फलक लागून जेमतेम दीड वर्ष झालं होतं. नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोल्हापुरात तोवर वकील असायचे, वकिलांची 'फर्म' नसायची. त्यामुळं फलकावरचं 'अँड पार्टनर्स' वाचून पहिल्याच महिन्यात दोघेजण ट्रॅक्टरचे स्पेअर पार्ट मागायला जिना चढून आले होते. पार्टनर म्हणजे आम्ही दोघंच. विनायक कोर्टात उभा राहायचा आणि मी ऑफिसात बसायचो. बसायला फिरती खुर्ची होती, वातानुकूलित केबिन होती, कॉम्प्युटर होता आणि 'जमिनीच्या कामातला माणूस' अशी, बहुतांशी मीच पसरवलेली, कीर्ती होती. जमिनीशी माझा प्रत्यक्ष संबंध म्हणाल तर गॅलरीतल्या चार कुंड्यांपुरता.

शहर तेव्हा चारी बाजूंनी फुगत होतं. शेतात घर बांधायचंय, बिगरशेती करून द्या. जागेवर आरक्षण पडलंय, उठवून द्या. अशी कामं रोज येत होती. मी ती घेत होतो आणि विनायक ती निस्तरत होता. शेवटी एक दिवस तो म्हणाला, "आपल्याला या कामातला एक जुना माणूस पाहिजे." 'जुना' हा शब्द त्यानं माझ्याकडं बघून इतक्या सभ्यपणे उच्चारला, की मला राग यायला दोन दिवस लागले.

जुना माणूस गडहिंग्लजहून आला. मल्लाप्पा कोरी, वय एकसष्ट, सगळे अण्णा म्हणायचे. काळा कोट, पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि खाली तपकिरी कॅनव्हासचे बूट. खांद्याला कापडी पिशवी. त्यांची मुलाखत मी घेतली. तेहतीस वर्षांच्या माणसानं तेहतीस वर्षं वकिली केलेल्या माणसाची घेतलेली ती मुलाखत आठवली की मी आजही घरात उगाच दुसऱ्या खोलीत जातो.

"आपला अनुभव किती?" मी खुर्ची थोडी फिरवून विचारलं.

"कंच्या तालुक्यातला?"

मी गडबडलो. "म्हणजे... पन्हाळा समजा."

"पन्हाळ्याचा पंधरा वर्षं. शाहूवाडीचा सांगता येत न्हाय. तिथं दर पावसाळ्यात बांध वाहून जातोय, तवा अनुभव दरसाल नवा."

मी बायोडाटा मागितला. अण्णा हसले. "माज्याबद्दल मी काय सांगनार? मालक सोताच्या जिमिनीबद्दल कधी खरं बोलतोय व्हय? चतुःसीमेला इचारा." आणि त्यांनी चार नावं लिहून दिली. गडहिंग्लजच्या कोर्टात त्यांचं टेबल होतं. त्या टेबलाच्या पूर्वेला बसणारे वकील, पश्चिमेला बसणारे वकील, दक्षिणेचा टायपिस्ट आणि उत्तरेचा चहावाला. "ह्या चौघांस्नी इचारा, कोरी कसा मानूस हाय. मग ठरवा."

मी तो कागद 'विनोदी' म्हणून विनायकला दाखवला आणि एकालाही विचारलं नाही.

अण्णांची कामाची पद्धत समजायला मला फार वेळ लागला नाही, पटायला लागला. खरेदीपत्रात चतुःसीमा लिहिलेली असते. जमिनीच्या पूर्वेला अमुक, पश्चिमेला तमुक, दक्षिणेला ओढा, उत्तरेला रस्ता. आम्ही बाकीचे वकील ती फक्त टाइप करायचो. अण्णा तिथं चहाला जायचे. कुठलंही काम येवो, फाईल उघडायच्या आधी स्कूटर काढायची, जागेवर जायचं, आणि चारी बाजूंच्या शेजाऱ्यांकडं बसून एकेक कप चहा घ्यायचा. पक्षकाराच्या घरी मात्र पाणीसुद्धा नाही. "मालकाचा चा घेतला की मालकाची बाजू खरी वाटाय लागती," असं म्हणायचे. परत आल्यावर फाईलच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं चार ओळी लिहायच्या. मी एकदा वाचल्या होत्या: 'पूर्व – साखर ज्यादा, कायतरी लपवतोय. पश्चिम – खरं बोलला. दक्षिण – घरात न्हाय, परत जाणे. उत्तर – चा बरा, पण भावकीचा राग.' दिवाणी दाव्यातला इतका नेमका पुरावा मी नंतरही कुठं वाचला नाही.

दुसरी खोड नकाशाची. नकाशा टेबलावर वाचायचा नाही. फरशीवर पसरायचा, खिडकीतून ऊन कुठून येतंय ते बघून उत्तर उत्तरेला येईतो फिरवायचा, चार कोपऱ्यांवर चार पुस्तकं ठेवायची आणि गुडघ्यावर बसायचं. स्वतः तर बसायचेच, समोरच्यालाही बसवायचे. माझ्या वातानुकूलित केबिनमध्ये एक कडक इस्त्रीतला बिल्डर, त्याचा आर्किटेक्ट आणि अण्णा असे तिघं रांगत असलेले आमच्या टायपिस्ट बाईंनी दारातून पाहिले. त्या दिवसापासून त्या आत यायच्या आधी दार वाजवायला लागल्या.

मला ते 'पार्टनर' म्हणायचे. "काय पार्टनर, आज किती एकर जमीन खुर्चीतनं फिरून आलासा?"

मी चिडायचो. पण दुसऱ्याच महिन्यात असं काही घडलं की चिडायचा हक्कही गेला. एका पक्षकाराला करवीर तालुक्यातल्या एका गावात शेत घ्यायचं होतं. अशा वेळी पेपरात जाहीर नोटीस द्यायची असते: अमुक जमीन आमचे अशील खरेदी घेत आहेत, कुणाची हरकत असल्यास चौदा दिवसांत कळवावी. मी जुनं खरेदीपत्र समोर घेतलं, त्यातला नंबर एकसष्ट उचलला आणि 'गट नंबर ६१' म्हणून नोटीस छापायला दिली. एकसष्ट हा जुना सर्व्हे नंबर होता. मध्यंतरी गावातल्या जमिनींची एकत्रीकरणात फेरमांडणी होऊन सगळे नंबर बदलले होते, हे मला माहीत होतं. परीक्षेत मी त्यावर टीपसुद्धा लिहिली होती. नव्या हिशेबानं गट नंबर एकसष्टवर हायस्कूलचं मैदान, दूध डेअरी आणि मारुतीचं देऊळ होतं.

पेपर सकाळी आला आणि साडेदहाला ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या आमच्या दारात उभ्या राहिल्या. जिना माणसांनी भरला. पुढं हेडमास्तर, मागं डेअरीचे चेअरमन.

"वकील कोन हाय हितला?" चेअरमन म्हणाले. "आमचा मारुती इकाय काडलायसा, त्ये बगाय आलोय."

मी केबिनमधून बाहेर आलो आणि 'काहीतरी तांत्रिक' असं म्हणालो. 'तांत्रिक' शब्द ऐकून मागचे लोक एक पायरी वर चढले. मी काय करावं या विचारात असताना अण्णा खुर्च्या बाजूला सारून फरशीवर सतरंजी अंथरत होते. खालच्या गाडीवाल्याला त्यांनी चाळीस चहा सांगितले.

"बसा पावणं, बसा. मारुती कोन इकत न्हाय. आमच्या पार्टनरनी जुना नंबर लिवला, चूक झाली, उद्याच्या पेपरात दुरुस्ती येतीया. आता आलायसाच तर चा घ्या." मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "पार्टनर, हितनंफुडं मी न्हाय हिंडत. तुमच्या हातानं नोटिसा काडत जावू. चतुःसीमा आपल्या पायानं ऑफिसात येती."

आणि खरंच, त्या दीड तासात त्यांनी ज्या शेतासाठी नोटीस होती त्याची तीन पिढ्यांची हकीकत गावाकडून काढून घेतली. निघताना चेअरमन मला म्हणाले, "तुमी शिकलेलं दिसताय. ह्या म्हाताऱ्यापाशी बसत जावा." शुद्धिपत्रकाच्या मजकुरावर अण्णांनी मला सही करायला लावली, आणि वर म्हणाले, "सही झ्याक हाय तुमची."

कांबळे बाई आमच्याकडं आल्या ते त्यानंतरच्या वर्षी. शाहूवाडीकडच्या वाड्यावस्त्यांवर जिल्हा परिषदेच्या शाळेत बाईंनी तीस वर्षं शिकवलं होतं. एकट्या. निवृत्त झाल्यावर शहराच्या कडेला चार गुंठ्यांचा प्लॉट घेतला, जोतं बांधून झालं, आणि शहराचा नवा प्रारूप आराखडा जाहीर झाला. नकाशावर बाईंचा प्लॉट आणि मागची मोकळी जागा मिळून हिरवा चौकोन, आणि त्यावर लिहिलेलं: क्रीडांगण. हरकत घ्यायला तीस दिवस. बाई आल्या तेव्हा त्यातले बावीस गेले होते.

"भाड्याची घरं खूप बघितली," बाई शांतपणे म्हणाल्या. "सगळे आधी चहा विचारतात, मग आडनाव विचारतात. आडनावानंतर खोली कालच गेलेली असते. म्हणून म्हटलं, आता स्वतःचंच दार करायचं. दुसरं काही नको, एवढं दार वाचवा."

अण्णांनी पिशवी खांद्याला अडकवली. मग म्हणाले, "अक्का, जाग्यावर जाऊन येतो." पण त्याच दिवशी त्यांना ताप भरला. तीन दिवस उतरेना. काम माझ्याकडं आलं. जाताना एवढंच म्हणाले, "पार्टनर, चार. तीन न्हवं."

मी गेलो. खरंच गेलो, हे आधी नोंदवून ठेवतो. पूर्वेला एक मोटार मेकॅनिक होता, त्याच्याकडं चहा घेतला. उत्तरेला निवृत्त पोस्टमन, त्यांच्याकडं घेतला. पश्चिमेला एका नव्या जोडप्याचं घर, तिथं तर बिस्किटंही खाल्ली. दक्षिणेला मागच्या बाजूनं वळसा घालून जायचं होतं. घाणेरीची दाट झुडपं, त्यातून पायवाट, टोकाला पत्र्याची शेड आणि शेडच्या तोंडाशी एक कुत्रं. कुत्रं भुंकत नव्हतं. नुसतं उभं राहून माझ्याकडं बघत होतं, जसा एखादा न्यायाधीश वकिलाचा युक्तिवाद सुरू व्हायच्या आधीच बघतो. पोटात तीन चहा डुचमळत होते. तीन शेजारी काय आणि चार काय, असा एक कायदेशीर विचार मनात आला आणि मी परत फिरलो.

ऑफिसात येऊन फाईलच्या आत पेन्सिलीनं चार ओळी लिहिल्या. चौथी अशी: 'दक्षिण – चहा घेतला. गोड. विशेष काही नाही.' मग कॉम्प्युटरवर चौदा पानांची हरकत तयार केली. मालमत्तेचा हक्क, नैसर्गिक न्याय, वरच्या कोर्टांचे दाखले. प्रिंटरवर पानं निघत होती तसतशी माझी छाती फुगत होती.

शेवटची तारीख दोन दिवसांवर असताना अण्णा मफलर गुंडाळून आले. चौदा पानं बाजूला ठेवली आणि फाईलच्या आतल्या चार ओळी वाचल्या. मग चष्म्यावरून माझ्या पायांकडं बघितलं.

"ह्येच बूट घालून गेलतासा?"

"हो."

"पुसलासा काय मधी?"

"नाही."

"मातीच हाय तर. शेन न्हाय."

"शेण कशाला असेल?"

अण्णांनी माझीच तिसरी ओळ मोठ्यानं वाचली. "'पश्चिम – चहा चांगला. दूध दक्षिणेच्या म्हशीवाल्या अक्कांकडून घेतात.' तुमीच लिवलंय, पार्टनर. म्हशीच्या गोठ्यात बसून चा पिऊन आलेल्या मानसाच्या बुटाला शेन न्हाय?"

कोर्टात मी आजवर पुष्कळ साक्षीदार स्वतःच्याच जबाबात अडकलेले पाहिलेत. त्यांच्या तोंडावर जे भाव असतात ते आतून कसे लागतात, हे तेव्हा कळलं. मी म्हणालो, "कुत्रं होतं."

अण्णा रागावले नाहीत. "म्या त्या बाईला जाग्यावर जातो म्हनून सांगितलंय," एवढंच म्हणाले. "ऊठ. गाडी काड." त्या दिवशी ते पहिल्यांदा मला 'तू' म्हणाले आणि पुढं कायम तेच राहिलं. ती बढती की शिक्षा, हे मी विचारलं नाही.

झुडपांच्या वाटेनं आम्ही गेलो. कुत्रं तसंच उभं होतं. अण्णा त्याच्याशी कानडीत काहीतरी बोलले आणि ते बाजूला सरकलं. हे मला फार लागलं. माझी इतकी मोठी अडचण इतकी स्थानिक भाषेची असेल असं वाटलं नव्हतं. आतून एक म्हातारी बाई शेणाचे हात झटकत आली. कानडी ऐकून तिचा चेहरा उजळला. "बर्री अण्णा, कूडर्री," म्हणत तिनं पोतं टाकलं. आम्ही बसलो. चहा आला; दाट, पांढरा, गोडीला गुळाचा. अण्णा निवांत. म्हशी किती, दूध किती, माहेर कुठलं. मग म्हशी धुवायला कुठं नेतेस असं विचारलं. तिनं आधी वाटेकडं बघून घेतलं.

"कुनाला सांगू नका," ती म्हणाली. "मागं खान हाय."

शेडच्या मागं गेलो. घाणेरी बाजूला सारली आणि माझ्या पायाखाली पाणी. दगडाची जुनी खाण, काठोकाठ भरलेली, हिरवीगार, आणि तिच्यात दोन म्हशी नाकापर्यंत बुडून आमच्याकडं बघत होत्या. आराखड्यातली 'मोकळी जागा' ती हीच. रस्त्यावरून झुडपांमुळं काही दिसत नव्हतं. नकाशा करणाऱ्यांनीही बहुधा माझ्यासारखेच तीन चहा घेतले असावेत.

"खोल किती?" अण्णांनी विचारलं.

"माजी एक म्हस बुडाली की हो हितं, दोन वर्सं झाली. तलाठी आलता. कागद करून गेला."

तो कागद तिनं पत्र्याच्या डब्यातून काढून दाखवला. म्हशीचा पंचनामा. सरकारी शिक्का, गट नंबर, पंचांच्या सह्या आणि मध्ये एक ओळ: 'सदर खाणीतील पाण्याची खोली अंदाजे वीस फूट.' अण्णांनी तो कागद दोन्ही हातांत धरला आणि मला वाटतं, क्षणभर कपाळाला लावला. मग म्हातारीला म्हणाले, "अक्का, तुजी म्हस वाया गेली न्हाय बग."

पण म्हातारीला खाणीची बातमी बाहेर जायला नको होती. गाजावाजा झाला तर कुंपण घालतील, मग म्हशींनी जायचं कुठं? अण्णांनी तिला समजावलं नाही. कांबळे बाईंना घेऊन आले आणि दोघींना पोत्यावर बसवून दिलं. बाईंना तिथं चहा मिळाला. बाई आपलं नाव सांगायला लागल्या, तशी म्हातारी म्हणाली, "नाव ऱ्हाऊ दे, चा निवतोय." बाई कपाकडं बघत राहिल्या. कागद आम्हाला न्यायला दुपारपर्यंत मिळाला.

सुनावणी नगररचनेच्या समितीपुढं झाली. माझी चौदा पानं मी हातात घेऊन उभा होतो. अण्णांनी अध्यक्षांना विचारलं, "साहेब, नकाशा खाली पसरू का?" आणि परवानगी यायच्या आत पसरला. पाच मिनिटांत तीन अधिकारी गुडघ्यावर. अण्णांनी हिरव्या चौकोनावर म्हशीचा पंचनामा ठेवला.

"साहेब, हितं मैदान केलासा तर पोरं खेळायची न्हाईत. पवतील. न पवणारी बुडतील. खरी पोरं ओढ्यापल्याड सरकारी माळावर खेळत्यात, त्यो माळ नकाशात कोराच हाय. एकदा येऊन बगा. चा मी पाजतो."

अध्यक्ष गुडघ्यावरून उठताना माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमच्याकडं आणखी काही?" मी चौदा पानं पाठीमागं धरली आणि म्हणालो, "नाही साहेब. मला फक्त त्यांना गाडीवरून आणायचं होतं."

समिती आली, बघून गेली. निर्णय यायला जवळजवळ वर्ष लागलं. तोवर बाई रोज संध्याकाळी आपल्या उघड्या जोत्यावर येऊन बसायच्या. आरक्षण ओढ्यापलीकडं सरकलं आणि बाईंचं दार उभं राहिलं. खाणीला कुंपण पडलं, पण बाईंनी अर्ज करकरून म्हशींपुरती एक वाट त्यात ठेवून घेतली. वास्तूच्या दिवशी बुद्धवंदना झाली आणि अण्णांनी बाईंच्या घरचा पहिला कप घेतला. मी म्हणालो, "अण्णा, मालकाचा चहा?" ते म्हणाले, "फाईल बंद झाली की. आता ही मालक न्हाय, कुनाची तरी उत्तर दिशा हाय."

अण्णा आमच्याकडं आठ वर्षं होते. मग गुडघे गेले, आणि नकाशासाठी खाली बसता येईना त्या दिवशी त्यांनी पिशवी उचलली. "टेबलावर नकाशा वाचायचा असंल तर तू हायसच," म्हणाले.

दोन-तीन वर्षांनी मी गडहिंग्लजला त्यांच्या घरी गेलो. अंगणात खुर्चीवर बसले होते. वाळले होते, पण हसले.

"कसं आहे अण्णा?"

"झकास. काय धाड भरलीया?"

मीही खूश झालो. इकडच्या तिकडच्या गप्पा मारल्या, उठलो, गाडीपर्यंत आलो आणि किल्ली लावताना हात थांबला. पहिल्या दिवशीचा तो चार नावांचा कागद आठवला. मालक सोताच्या जिमिनीबद्दल कधी खरं बोलतोय व्हय?

मग मी पूर्वेच्या घराची कडी वाजवली. तिथले एसटीतून निवृत्त झालेले गृहस्थ म्हणाले, अण्णा दोन महिन्यांत फाटकाबाहेर आलेले नाहीत. पश्चिमेच्या वहिनी म्हणाल्या, ताटातली अर्धी भाकरी परत जाते. उत्तरेच्या दुकानदारानं सांगितलं, पेपर बंद केला, आता दिसत नाही त्यांना नीट. मला एव्हाना साखर वर्ज्य झाली होती. तिन्ही ठिकाणी मी गोड चहा निमूट प्यालो. दक्षिणेला एक गाय बांधलेली होती आणि तिच्यापलीकडं, अर्थातच, कुत्रं. मला कानडी अजून येत नाही. मी तसाच गेलो. तिथल्या म्हाताऱ्या आप्पांनी चहा दिला आणि हळूच सांगितलं, डॉक्टरांनी घरच्यांना काय सांगितलंय ते, आणि अण्णांना ते कळलंय हे घरच्यांना माहीत नाही ते.

कप हातात घेऊन मी गोठ्याच्या कडेला उभा राहिलो. कमरेएवढ्या कुंपणापलीकडं अण्णांचं अंगण होतं. त्यांनी खुर्ची फिरवून घेतली होती, तोंड दक्षिणेला. डोळे बारीक करून ते इकडंच बघत होते. मी दिसलो तसा त्यांनी हात वर केला आणि बोटं हलवली: किती?

मी चार बोटं दाखवली.

अण्णांनी मान हलवली नाही. फक्त बोट खाली केलं, माझ्या पायांकडं.

मी कप गव्हाणीवर ठेवला, गोठ्याचा खांब धरला, आणि त्यांना अगदी नीट दिसावा इतका वर बूट उचलून धरला.